सोलर, बॅटरी, पवनचक्की यांच्या जागतिक व्यापाराचं मॉडेल कसं बनवायचं: कोकणात बसून हे काम शिकणाऱ्यांसाठी

जयगडला कोळशाची जहाजं लागतात, दाभोळला एलएनजी उतरतो आणि न्हावा शेव्याला कंटेनर भरभरून सोलर पॅनल, इन्व्हर्टर, लिथियम बॅटऱ्या येतात. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर बाहेरची ऊर्जा समुद्रातून येणं जुनंच आहे, बदललंय ते इतकंच की आधी फक्त जाळायचा माल यायचा आणि आता वीज बनवायचं सामान पण येतंय. हे सामान कोण कुठून किती घेतं, ड्युटी वाढली की काय होतं, उद्या चीनने एखादा माल अडवला तर इथे काय महाग होईल, हे आकड्यांत मांडून सांगायचं काम मी करतो, रत्नागिरीत घरी बसून, आणि चिपळूण, कणकवली, अलिबागकडची मुलं-मुली बरेचदा विचारतात की यात शिरायचं कसं. त्यांच्यासाठी सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नवीन माणूस पहिल्या दिवशी विचारतो कुठलं मॉडेल वापरू, कुठलं सॉफ्टवेअर शिकू, आणि मी प्रत्येकाला सांगतो की मॉडेल सगळ्यात शेवटी. आधी माल ओळखायचा, मग त्याचा कोड, मग नियम कुठल्या तारखेला बदलला ते. या तीन गोष्टी पक्क्या असतील तर साधं एक्सेलसुद्धा खरं उत्तर देतं, आणि त्या कच्च्या असतील तर जगातलं सगळ्यात भारी मॉडेल घेऊनही उत्तर चुकणारच.

पायरी पहिली: प्रश्न बारीक करा

"भारताचा क्लीन एनर्जी व्यापार" हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. प्रश्न असा असतो: १ एप्रिल २०२२ ला सोलर मॉड्यूलवर ४०% आणि सेलवर २५% बेसिक कस्टम ड्युटी लागली, त्यानंतर चीनहून येणारे मॉड्यूल किती कमी झाले आणि त्यांच्या जागी सेल किती वाढले? यात माल आहे, नियम आहे, तारीख आहे, देश आहेत आणि काय मोजायचं तेही आहे. असा एका वाक्याचा प्रश्न कागदावर लिहून समोर चिकटवून ठेवा, कारण डेटा उघडला की दहा दिशांना मन जातं आणि आठवडा कुठे गेला कळत नाही.

पायरी दुसरी: मालाची साखळी आणि एचएस कोड

इथे भरपूर वेळ द्या, मी तरी देतो.

सोलर पॅनल ही एक वस्तू नाही, ती साखळी आहे: पॉलिसिलिकॉन म्हणजे अतिशुद्ध सिलिकॉन, त्यापासून वेफर म्हणजे पातळ चकत्या, वेफरपासून सेल, सेल जोडून मॉड्यूल. प्रत्येक टप्प्याचा कारखाना वेगळा, खर्च वेगळा, आणि व्यापाराचा कोडही वेगळा. जगभर कस्टमवाले सहा आकडी एचएस कोड वापरतात, त्यात ९९.९९% किंवा त्याहून शुद्ध सिलिकॉन २८०४६१, वेफर ३८१८००, सेल ८५४१४२, मॉड्यूल ८५४१४३. आता गंमत अशी की शेवटचे दोन कोड एचएसच्या २०२२ च्या आवृत्तीत आले, त्याआधी सेल, मॉड्यूल आणि एलईडीसुद्धा सगळं ८५४१४० या एकाच कोडमध्ये जायचं. म्हणजे तुम्ही २०१५ ते २०२४ अशी सलग रेषा काढली आणि हे लक्षात घेतलं नाही तर अर्ध्या आलेखात दिव्यांचे एलईडी मिसळलेले असणार. वर सगळ्या देशांनी नवीन आवृत्ती एकाच दिवशी लागू केलेली नाही, त्यामुळे २०२२ च्या आसपास काही देश जुन्या कोडवर तर काही नव्यावर असं चित्र दिसतं.

पवनचक्कीचं अजून अवघड. पूर्ण सेट ८५०२३१ मध्ये येतो पण पवनचक्की पूर्ण जोडून कोण पाठवतो, ती तुकड्यांत जाते. टॉवर ७३०८२० मध्ये, आणि त्यात लोखंडी जाळीचे बाकीचे सगळे मनोरेपण असतात. पाती बरेचदा ८४१२९० मध्ये दिसतात, जो इतर इंजिनांच्या सुट्या भागांचाही कोड आहे. लिथियम आयन बॅटरी ८५०७६०, ज्यात मोबाइलची बॅटरी, गाडीचा बॅटरी पॅक आणि सोलर प्लांटला लावायचा कंटेनरएवढा स्टोरेज सगळं एकत्र. इलेक्ट्रिक कार ८७०३८०, इलेक्ट्रिक दुचाकी ८७११६०. हायड्रोजनचा इलेक्ट्रोलायझर ८५४३३० मध्ये, जिथे इलेक्ट्रोप्लेटिंगची मशिनंही बसतात. इन्व्हर्टर ८५०४४०, आणि यात मोबाइल चार्जरपासून कारखान्यातल्या यूपीएसपर्यंत सगळं.

मग करायचं काय? प्रत्येक कोडसमोर एक रकाना करा आणि लिहा की यातला आपला माल किती शुद्ध आहे: पूर्ण, बराचसा, थोडाच. "थोडाच" वाल्यांवर मोठा निष्कर्ष कधीच टाकू नका. आणि उरणला, पनवेलला कुणी ओळखीचा सीएचए असेल, कस्टम क्लिअरिंगचं काम करणारा, तर त्याच्याकडे जाऊन बसा आणि विचारा, दादा, हा माल तुम्ही बिल ऑफ एंट्रीमध्ये, म्हणजे कस्टमला भरायच्या आयातीच्या कागदात, कुठल्या कोडखाली टाकता आणि का. पुस्तकात न सापडणारी उत्तरं तिथे मिळतात, कारण कोड शेवटी माणूसच भरतो.

आपल्या किनाऱ्याशी संबंधित एक गोष्ट यात जोडतो. खाऱ्या हवेत टिकणाऱ्या पॅनलची वेगळी चाचणी असते, आयईसी ६१७०१ नावाचं सॉल्ट मिस्टचं मानक आहे, आणि वेंगुर्ल्यात किंवा हर्णैला छतावर पॅनल लावणाऱ्याने ते विचारलंच पाहिजे. पण कस्टमच्या कोडमध्ये खाऱ्या हवेचं पॅनल आणि राजस्थानचं पॅनल एकच. गुणवत्ता कोडमध्ये दिसत नाही, हे कायम डोक्यात ठेवा.

पायरी तिसरी: डेटा कुठून घ्यायचा

जगाचा डेटा यूएन कॉमट्रेडवर आहे, फुकट अकाउंट काढून बराचसा उतरवता येतो. पण मॉडेलसाठी मी फ्रान्सच्या सेपी या संस्थेचा बीएसीआय डेटाबेस जास्त वापरतो कारण त्यांनी निर्यातदार आणि आयातदार दोघांचे आकडे जुळवून एकच आकडा केलेला असतो. भारताचं महिन्याचं चित्र हवं तर वाणिज्य मंत्रालयाचं ट्रेडस्टॅट, त्याचे आकडे कोलकात्याची डीजीसीआयएस गोळा करते, आणि तिथे आठ आकडी कोडपर्यंत जाता येतं. अमेरिकेसाठी यूएसआयटीसीचं डेटावेब, युरोपसाठी युरोस्टॅटचं कॉमेक्स्ट. चीनच्या सोलर निर्यातीचे आकडे डॉलरऐवजी वॉटमध्ये हवे असतील तर एम्बर ही संस्था ते करून देते, फार उपयोगी आहे.

उतरवलेली मूळ फाइल कधीच बदलायची नाही. ती एका फोल्डरमध्ये तशीच ठेवा, नावात उतरवल्याची तारीख टाका, आणि जो बदल कराल तो कोडमधून करा. व्यापाराचे आकडे नंतर सुधारले जातात, सहा महिन्यांनी तोच डेटा परत उतरवला तर वेगळा निघतो, मग तुमचा जुना आकडा कुठून आला हे सिद्ध करता आलं पाहिजे.

पायरी चौथी: साफसफाई, आणि खरं काम हेच

पहिला खड्डा वर्षाचा. आपलं सरकार एप्रिल ते मार्च मोजतं, कॉमट्रेड जानेवारी ते डिसेंबर. ट्रेडस्टॅटचं २०२१-२२ आणि कॉमट्रेडचं २०२१ शेजारी ठेवून तुलना करणारे अहवाल मी बघितलेत, आणि नेमकं २०२२ च्या जानेवारी ते मार्चमध्ये ड्युटी लागायच्या आधी माल भरून घ्यायची घाई झाली होती, त्यामुळे ते तीन महिने कुठल्या वर्षात पडतात यावर सगळा निष्कर्ष उलटा होतो. महिन्याचे आकडे घ्या आणि स्वतः बेरीज करा.

दुसरा, सीआयएफ आणि एफओबी. आयात करणारा देश सहसा भाडं आणि विमा धरून किंमत लिहितो, ती सीआयएफ, निर्यात करणारा ते सोडून लिहितो, ती एफओबी. त्यामुळे चीन म्हणेल इतके डॉलर पाठवले आणि भारत म्हणेल त्याहून जास्त आले, यात कुणी खोटं बोलत नाहीये. पण फरक फारच मोठा असेल तर बघा की माल हाँगकाँग किंवा सिंगापूरमार्गे आलाय का, किंवा माल जहाजात असताना वर्ष बदललंय का. युरोपात हेच नेदरलँड्सचं होतं, रॉटरडॅमला उतरलेलं पॅनल जर्मनीत जातं, पण आकड्यांत वाटतं की नेदरलँड्स प्रचंड पॅनल लावतोय.

तिसरा, आणि सोलरमध्ये सगळ्यात महत्त्वाचा: डॉलर म्हणजे पॅनल नाही. २०२३ या एका वर्षात मॉड्यूलचे भाव जवळपास निम्मे झाले. म्हणजे डॉलरमधली आयात तितकीच राहिली तरी खरे पॅनल दुप्पट आले. फक्त डॉलर बघून "आयात घटली, धोरण यशस्वी" असं लिहिलेलं कुठे दिसलं तर आधी वॉटमध्ये बघायला सांगा.

वॉट काढायचे कसे? वजनावरून. नेहमीचं ५४५ वॉटचं पॅनल साधारण २८ किलोचं असतं, म्हणजे किलोला २० वॉटच्या जवळपास, दोन्ही बाजूंनी काच असलेलं जरा जड, तिथे किलोला १७ धरा. डेटात किलो असतील तर त्यावरून वॉट काढा आणि मग डॉलर भागिले वॉट करून भाव काढा. भाव त्या काळच्या बाजारभावाच्या जवळ आला तर ठीक, वॉटला एक डॉलर असलं काही आलं तर ते पॅनलच नाही किंवा वजन चुकीचं भरलंय, ती ओळ बाजूला काढा आणि का काढली ते लिहून ठेवा. बॅटरीलाही हीच युक्ती, मोबाइलच्या बॅटरीचा किलोमागे भाव आणि मोठ्या स्टोरेजचा किलोमागे भाव यात चांगलाच फरक असतो, त्यावरून ८५०७६० ची ढोबळ फोड करता येते. शंभर टक्के नाही, पण काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरी.

पायरी पाचवी: नियमांची डायरी

एक साधी शीट. तारीख, देश, माल, काय बदललं, कोणत्या देशाच्या मालावर, कधीपर्यंत. एवढंच, पण ही शीट माझ्या मते मॉडेलपेक्षा मौल्यवान आहे. भारताच्या सोलरची माझी शीट साधारण अशी जाते: ३० जुलै २०१८ पासून सेल-मॉड्यूलवर सेफगार्ड ड्युटी, म्हणजे वाढत्या आयातीपासून देशी उद्योग वाचवायला लावलेली जादा ड्युटी, पहिल्या वर्षी २५%, मग २०%, मग १५%; पुढे मुदत वाढवून २९ जुलै २०२१ पर्यंत. त्यानंतर मध्ये काही महिने काहीच नाही, आणि १ एप्रिल २०२२ पासून ४० आणि २५ टक्के. फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये मॉड्यूलची बेसिक ड्युटी २०% केली, पण सोबत २०% कृषी पायाभूत सेस लावला, सेलला २०% आणि ७.५%. पेपरात मथळा आला की ड्युटी अर्धी झाली, डायरीवाल्याला माहीत असतं की एकूण बोजा जवळपास तिथेच आहे.

ड्युटी नसलेले नियमही लिहा. एएलएमएम, म्हणजे मंजूर मॉडेल आणि उत्पादकांची सरकारी यादी, ती २०२३-२४ साठी स्थगित ठेवली होती आणि १ एप्रिल २०२४ पासून परत लागू झाली. ड्युटी तीच, पण यादी उठली की आयात वाढते, यादी आली की आटते. सेलची अशीच दुसरी यादी १ जून २०२६ पासून आहे. फक्त टॅरिफ, म्हणजे ड्युटी, घालून बनवलेलं मॉडेल २०२३-२४ ची आयात समजावूच शकत नाही.

बाहेरचंही येऊ द्या शीटमध्ये: अमेरिकेचा उइगर सक्तमजुरी विरोधी कायदा (चीनच्या शिनजियांगमधला माल अडवणारा) जून २०२२ पासून लागू, ऑगस्ट २०२२ चा तिथलाच इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट (क्लीन एनर्जीला करसवलती देणारा), चीनने १ डिसेंबर २०२४ पासून सोलर निर्यातीवरचा कर परतावा १३ वरून ९ टक्के केला, एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही रेअर अर्थ, म्हणजे मोटारींच्या चुंबकात लागणारे खास धातू, आणि त्यांच्या मॅग्नेटवर निर्यात परवाना लावला आणि इथल्या गाडी कंपन्या धावपळीला लागल्या. आणि २०१६ चा डब्ल्यूटीओचा, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा, निकालही, ज्यात राष्ट्रीय सोलर मिशनमधली देशी मालाची अट नियमात बसत नाही असं भारताविरुद्ध ठरलं. आजच्या योजना समजून घ्यायला तो माहीत असावा लागतो.

आता घरचं उदाहरण. गुहागरला कुणी पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटचं छतावरचं सोलर लावलं तर ७८,००० रुपये सबसिडी मिळते, पण त्यासाठी पॅनल डीसीआर लागतं, म्हणजे सेल पण भारतात बनलेला आणि मॉड्यूल पण. या घरमालकाची मागणी चिनी पॅनल कितीही स्वस्त झालं तरी तिकडे सरकणार नाही. शेजारच्या रिसॉर्टने सबसिडी न घेता लावलं तर, वरची सेलची यादी आड येत नसेल तिथे, तो आयात सेलचं पॅनल घेऊ शकतो. म्हणून भारताची मागणी एक आकडा म्हणून मॉडेलमध्ये टाकू नका, डीसीआरचा भाग आणि बाकीचा भाग वेगळे ठेवा. परदेशात बसलेल्या बऱ्याच टीम हे करत नाहीत आणि मग त्यांचं भारताचं उत्तर विचित्र येतं. इथे राहणाऱ्याला हे दिसतं, हा आपला खरा फायदा आहे.

पायरी सहावी: आता मॉडेल

सगळ्यात आधी उतरलेल्या मालाची किंमत काढायला शिका, मॉडेल वगैरे काही नाही, नुसता हिशोब. समजा पॅनल चीनच्या बंदरात वॉटला १० सेंट. ४० फुटी कंटेनरमध्ये ५४५ वॉटचे ६२० पॅनल बसतात, म्हणजे सुमारे ३३८ किलोवॉट. भाडं ३,००० डॉलर धरलं तर वॉटला ०.९ सेंट, विमा वगैरे धरून न्हावा शेव्याला ११ सेंट. त्यावर ४०% म्हणजे ४.४, झाले १५.४ सेंट. आता भाडं १०,००० डॉलर करा, २०२१ साली जागतिक सरासरी त्याच्याही वर गेली होती, तर एकट्या भाड्याचे ३ सेंट होतात, किंमत १३ आणि ड्युटीसकट १८ च्या वर. ड्युटी सीआयएफवर लागते म्हणून भाडं वाढलं की ड्युटीपण आपोआप वाढते. हा तक्ता चीन, व्हिएतनाम, मलेशिया असा प्रत्येक देशासाठी करा, मुक्त व्यापार करार असेल तिथे लागू दर वेगळा घ्या.

मग प्रश्नाप्रमाणे मॉडेल निवडा.

धोरण बदललं तर कोणत्या देशाचा हिस्सा किती सरकेल हा प्रश्न असेल तर आर्मिंग्टन पद्धत. आर्मिंग्टन या अर्थतज्ज्ञाची १९६९ पासूनची कल्पना आहे: एकाच मालाचे दोन देशांतले प्रकार गिऱ्हाइकाला तंतोतंत सारखे वाटत नाहीत. वाशीच्या मार्केटमध्ये देवगडचा हापूस आणि कर्नाटकचा आंबा शेजारी असतो, देवगडचा भाव चढला तर काही गिऱ्हाईक सरकतं, सगळं नाही सरकत. किती सरकतं तो आकडा म्हणजे इलॅस्टिसिटी, आणि सगळा खेळ त्याच्यावर. आयात माल देशीच्या तुलनेत ४०% महाग झाला आणि इलॅस्टिसिटी ३ धरली तर आयात आणि देशी मालाचं गुणोत्तर आधीच्या ३६ टक्क्यांवर येतं, तीच ८ धरली तर ७ टक्क्यांवर. एक आकडा बदलला की "आयात कमी झाली"चं "आयात जवळपास संपली" होतं. त्यामुळे कुणी एकच इलॅस्टिसिटी धरून एकच उत्तर दिलं तर तुम्ही विचारा की बाकीच्यांवर काय येतं. पॅनल हा बऱ्यापैकी एकसारखा माल आहे म्हणून तिथे आकडा मोठा धरतात, पवनचक्कीत सर्व्हिस आणि वॉरंटी येते म्हणून लहान.

मागच्या वर्षांत टॅरिफचा खरा परिणाम किती झाला हे मोजायचं असेल तर ग्रॅव्हिटी मॉडेल. दोन देशांची अर्थव्यवस्था मोठी तर व्यापार जास्त, अंतर जास्त तर कमी, टिनबर्गेन या अर्थतज्ज्ञाने १९६२ साली मांडलेलं. आजची पद्धत अशी की आकड्यांचा लॉग घेऊन साधं रिग्रेशन, म्हणजे आकड्यांतलं नातं मोजायची नेहमीची रीत, करायचं नाही, कारण सोलरमध्ये असंख्य देश-जोड्यांमध्ये व्यापार शून्य असतो आणि शून्याचा लॉग निघत नाही, त्या ओळी गळतात आणि उत्तर वाकडं होतं. त्यासाठी पीपीएमएल वापरतात, शून्यं न गाळता हिशोब करणारी पद्धत, सांतोस सिल्व्हा आणि तेनरेरो यांनी २००६ मध्ये मांडलेलं. आर आणि स्टाटा ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर, त्यातलं आर मधलं फिक्सेस्ट पॅकेज किंवा स्टाटामधलं पीपीएमएलएचडीएफई हे पटकन करतं. निर्यातदार-वर्ष, आयातदार-वर्ष आणि देश-जोडी असे तिन्ही फिक्स्ड इफेक्ट घाला, म्हणजे त्या देशाचं त्या वर्षीचं किंवा त्या जोडीचं जे काही कायम असतं ते वेगळं काढलं जातं. पण इथेच एक मोठी अडचण आहे जी क्लासमध्ये कुणी सांगत नाही. भारताची ४०% ड्युटी जवळजवळ सगळ्या देशांना सारखीच लागते, मग आयातदार-वर्षाचा इफेक्ट ती गिळून टाकतो आणि ड्युटीचा परिणाम मोजताच येत नाही. त्यावर उपाय म्हणजे डेटात देशांतर्गत विक्रीपण टाकायची, भारतातून भारतात, म्हणजे आयात आणि देशी यांची तुलना होते. हा डेटा तयार मिळत नाही, उत्पादन वजा निर्यात करून बांधावा लागतो, आणि म्हणूनच ज्याला तो बांधता येतो त्याला काम मिळतं.

उद्या कारखाने कुठे उभे राहतील, चीनचा माल बंद झाला तर कोण पुरवेल, हा प्रश्न असेल तर वरची दोन्ही पुरेशी नाहीत, कारण त्यांना कारखान्याची क्षमता माहीतच नसते. तिथे लीनियर प्रोग्रामिंग: प्रत्येक देशाची क्षमता, बनवायचा खर्च, भाडं, ड्युटी घालून सगळ्यात कमी खर्चात जगाची मागणी कशी भागेल ते काढायचं. साखळीचा प्रत्येक टप्पा वेगळा घाला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्येच सांगितलं होतं की सोलरच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा हिस्सा ८०% च्या वर आहे, आणि वेफरला तर त्याहून खूप जास्त. म्हणजे भारतात मॉड्यूलची क्षमता कितीही वाढली तरी मॉडेल मॉड्यूलपाशी थांबवलं तर आपण स्वावलंबी दिसतो, वेफरपर्यंत नेलं की वेगळंच दिसतं. या मॉडेलची खोड म्हणजे ते एका सेंटच्या फरकावर सगळी ऑर्डर एका देशाला देऊन टाकतं, खऱ्या जगात तसं होत नाही, म्हणून एका देशाकडून जास्तीत जास्त किती घ्यायचं याची मर्यादा घालावी लागते.

सीजीई म्हणजे पूर्ण अर्थव्यवस्थेचं मॉडेल, पर्ड्यू विद्यापीठाचा जीटीएपी डेटाबेस त्यासाठी वापरतात. सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यात सोलर पॅनल इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या गठ्ठ्यात असतं, वेगळं काढायलाच महिने जातात.

पायरी सातवी: मॉडेलची परीक्षा आणि सिनॅरिओ

मार्च २०२१ पर्यंतचाच डेटा मॉडेलला द्या आणि २०२२-२३ चं उत्तर काढायला सांगा. मग खऱ्या आकड्याशी जुळवा. टॅरिफवालं मॉडेल ड्युटी लागण्याआधीची साठेबाजी पकडणार नाही, म्हणून बऱ्याचदा घट खऱ्यापेक्षा वेगळी दाखवेल. ती का चुकली हे समजून घेणं म्हणजेच शिकणं. नंतरच पुढच्या वर्षांचे सिनॅरिओ करा, तीन पुरेत, आणि प्रत्येकात एकच गोष्ट बदला: एकात ड्युटी, एकात भाडं, एकात पुरवठ्याची अडचण. सगळं एकदम हलवलं तर कशामुळे काय झालं हे सांगता येत नाही.

भाड्याच्या सिनॅरिओत नकाशा समोर ठेवा. २०२३ च्या शेवटापासून लाल समुद्रातून जहाजं जाईनाशी झाली तेव्हा चीन ते न्हावा शेवा या मार्गाला थेट फरक नव्हता, तो मार्ग तिकडून जातच नाही, फरक होता आपल्याकडून युरोपला आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाणाऱ्या मालाला. आणि भारताची मॉड्यूल निर्यात तेव्हा बहुतांश अमेरिकेलाच जात होती. म्हणजे एकाच घटनेत आयातीला एक दर आणि निर्यातीला दुसरा.

परावलंबन मोजताना एक आग्रह धरतो. कोळसा आणि पॅनल एकाच तराजूत घालू नका. वरच्याच एका कंटेनरचे ३३८ किलोवॉट घ्या, किलोवॉटमागे वर्षाला १,४०० युनिट धरले तर पावणेपाच लाख युनिटच्या आसपास वीज. तेवढ्या विजेला, युनिटमागे अर्धा किलो आयात कोळसा धरून, दोनशेहून जास्त टन कोळसा लागतो, आणि तो दरवर्षी. पॅनल एकदा आलं की पंचवीसेक वर्षं चालतं. कोळशाचं जहाज थांबलं तर साठा संपला की वीज बंद, पॅनलचं जहाज थांबलं तर नवीन प्लांट लांबतो पण लागलेले चालूच राहतात. म्हणून पॅनलची आयात म्हणजे नवीन तेलाचं परावलंबन असं जे सर्रास लिहिलं जातं ते मला पटत नाही. धोका आहे, पण तो वेगळ्या जातीचा आहे आणि मॉडेलमध्ये वेगळा दाखवला पाहिजे.

पायरी आठवी: लिहिणं आणि काम मिळवणं

अहवालात पहिल्या पानावर उत्तर, दुसऱ्यावर गृहीतकं, कोड आणि पद्धत मागे. उत्तर एका आकड्यात न देता पट्ट्यात द्या, इतक्यापासून इतक्यापर्यंत, आणि पट्टा कशामुळे रुंद आहे ते सांगा. मंत्रालयातला माणूस असो की बँकेतला, त्याला हेच हवं असतं.

कामं देणाऱ्यांत पुण्याची प्रयास, दिल्लीतली सीईईडब्ल्यू आणि टेरी, परदेशातली एम्बर, बीएनईएफ (ब्लूमबर्गची ऊर्जा संशोधन संस्था) अशी नावं आहेत, शिवाय सोलर कंपन्यांच्या धोरण टीम आणि बँका. घरून काम करू देणाऱ्या जागा वाढल्यात. इकॉनॉमिक्सच पाहिजे असं नाही, रत्नागिरी-चिपळूणच्या कॉमर्सवाल्या मुलांना इनव्हॉइस, जीएसटी, कस्टमची कागदपत्रं कळतात, त्यांनी वर आर किंवा पायथन शिकलं तर इंजिनिअरपेक्षा पुढे जातात असा माझा अनुभव आहे. पावसाळ्यात लाइट जाते, नेट जातं, तेव्हा डेटा लॅपटॉपवर आणि कोड क्लाउडवर दोन्हीकडे ठेवायची सवय मे महिन्यातच लावा, आणि डेडलाइनच्या आदल्या रात्री डेटा उतरवायला बसू नका.

सुरुवातीला कुणाला दाखवायला काहीतरी हवं, त्यासाठी हे करा. कॉमट्रेडवरून चीनने भारताला पाठवलेले ८५४१४३ चे २०२३ आणि २०२४ चे महिन्याचे आकडे घ्या, ट्रेडस्टॅटवरून भारताने चीनकडून घेतलेले तेच महिने घ्या. वजन मिळेल तिथे वॉट काढा. दोन्ही रेषा एका आलेखावर टाका, खाली १ एप्रिल २०२४ ला एएलएमएमची खूण करा. दोन रेषांमध्ये जिथे फट दिसते तिथे ती भाड्याची आहे, प्रवासाच्या दिवसांची आहे, की तिसऱ्या देशातून आलेल्या मालाची, यावर एक पान लिहा. मराठीत लिहिलं तरी चालेल, आधी विचार नीट होऊ दे, इंग्रजी नंतर करता येतं. ते पान, शीट आणि कोड एकत्र ठेवून लिंक द्या, मुलाखतीला बसल्यावर समोरचा त्यातलंच विचारेल.